यंत्राचं नाक कसं शिकतं?

शालेय पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून बघायचा असतो. एकदा माझी पाळी होती आणि मला जबर सर्दी. घास घेतला, मीठ बरोबर, तिखट बरोबर. मी "वाढा" म्हणणार तेवढ्यात शेजारच्या वर्गाच्या मॅडम पातेल्यावर वाकल्या आणि म्हणाल्या, "सर, तेल खवट आहे हो!" खिचडी अर्थातच वाढली नाही. जिभेला खारट-तिखट कळलं होतं, पण खवटपणा ओळखणारं नाक बंद होतं.

हा किस्सा वर्गात सांगितला तर पाचवीतला एक जण म्हणाला, "सर, वासाचं मशीन नसतं का?"

असतं. १९८२ साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात पर्सौद आणि डॉड यांनी त्याचा नमुना मांडला. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या कोलकाता केंद्राने चहासाठी असं इलेक्ट्रॉनिक नाक बनवलं आहे. चहाची पानं चुरडून हवेवर ठेवली की गवतासारखा हिरवट वास जाऊन फुलासारखा सुवास येतो. तो क्षण चुकला की चहा उतरतो. पूर्वी हे सगळं जाणकार माणसाच्या नाकावरच चालायचं.

यंत्रात चार-आठ सेन्सर असतात, बहुधा टिन ऑक्साइडचे, आतून तापवलेले. हवेतला ऑक्सिजन त्यांच्या पृष्ठभागावर चिकटून इलेक्ट्रॉन अडवून धरतो. वासाची वाफ आली की ती या ऑक्सिजनशी संयोग पावते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि विजेला होणारा विरोध कमी होतो. कोणताही एक सेन्सर "हा चहा" असं ओळखत नाही. प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि सगळे आकडे मिळून वासाचा जणू अंगठ्याचा ठसा. आपल्या नाकातही सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असेच एकत्र काम करतात.

पण हा ठसा चांगला की वाईट, हे यंत्राला माणसानेच शिकवावं लागतं. चहा चाखणाऱ्यांनी दिलेले गुण हाच त्याचा अभ्यासक्रम! शिवाय दमट हवेत आकडे बदलतात, सेन्सर जुने होतात, मग पुन्हा उजळणी. लोणीच्या तेल डेपोजवळ ठेवलं तर ते चहाआधी पेट्रोलच हुंगेल.

वर्गात करून बघा. ओवा, जिरं, हिंग, कॉफी झाकलेल्या डब्यांत ठेवा. एका मुलाने फक्त उग्रपणाला ० ते ५ गुण द्यायचे, दुसऱ्याने गोडसरपणाला, तिसऱ्याने झोंबण्याला. मग एक डबी नाव न सांगता फिरवा आणि चौथ्याने वास न घेता, नुसत्या आकड्यांवरून ओळखायची. आमच्याकडे हिंग लगेच सापडला. ओवा आणि जिऱ्याचे आकडे जवळजवळ सारखे आले, तेव्हा मुलींनीच सुचवलं, "सर, अजून एक सेन्सर बसवा," आणि कडवटपणाला गुण द्यायला एक जण वाढवला.