संकेतस्थळ आणि संस्कृती

शासकीय कचेरीत पाऊल ठेवताच आपणांस पुष्कळ काही उमगते. फलक कोणत्या भाषेत आहेत, भिंतीवर कोणाच्या तसबिरी आहेत, चौकशीची खिडकी दर्शनी भागात आहे की आतल्या बाजूस, यांवरून तेथे नागरिकाला कोणते स्थान आहे ते कळते. शासनाचे संकेतस्थळ हीदेखील एक कचेरीच होय. तिची मांडणी केवळ तंत्रज्ञ ठरवीत नाहीत. त्या समाजाची संस्कृतीही ती घडवीत असते.

प्रथम लिपीचा विचार करू. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, तर अरबी उजवीकडून डावीकडे. त्यामुळे अरबी संकेतस्थळावर वाचकाची नजर उजव्या कडेपासून निघते, आणि बोधचिन्ह व विषयसूचीही सामान्यतः तेथूनच सुरू होतात. तेच पान इंग्रजीत उघडले, की आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे त्याच्या बाजू उलटतात.

दुसरी गोष्ट भाषेची. कॅनडामध्ये १९६९ च्या कायद्याने इंग्रजी व फ्रेंच या भाषांना समान दर्जा मिळाला. म्हणूनच तेथील केंद्र शासनाचे संकेतस्थळ दोन्ही भाषांत असते. त्यांपैकी एक भाषा मूळ व दुसरी केवळ सोय, असे तेथे मानले जात नाही.

तिसरी गोष्ट सत्तेविषयीच्या धारणेची. अधिकारातील विषमता समाज किती सहजपणे स्वीकारतो, याला डच अभ्यासक हॉफस्टेड यांनी ‘सत्तेचे अंतर’ म्हटले. आपल्याकडील अनेक शासकीय संकेतस्थळांवर राजमुद्रेसोबत मंत्र्यांची छायाचित्रे ठळकपणे दिसतात. याउलट, ब्रिटनने २०१२ साली सुरू केलेल्या सामाईक संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर पारपत्र, कर, वाहन परवाना अशा कामांना अग्रस्थान आहे.

मात्र संस्कृती म्हणजे अटळ नियती नव्हे. ब्रिटनमध्येही पूर्वी निरनिराळ्या खात्यांची संकेतस्थळे विखुरलेली होती. विचारपूर्वक निर्णयाने ती एकत्र आणली गेली. भारतातही २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. अंध व अपंग व्यक्तींनाही शासकीय संकेतस्थळे वापरता यावीत, असा आग्रह त्यांत आहे.

निवृत्तिवेतनाचा अर्ज शोधणारी वृद्धा छायाचित्रे पाहावयास आलेली नसते. तो अर्ज तिला तिच्या भाषेत, सहज सापडला नाही, तर कायद्याने दिलेला हक्कही तिच्यापासून दूरच राहतो. म्हणून यापुढे एखादे शासकीय संकेतस्थळ उघडाल, तेव्हा स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारा : या दारात माझे स्वागत याचक म्हणून होत आहे, की नागरिक म्हणून?