डाव्या पट्टीवरचा नंबर

आरे कॉलनीतल्या एका तबेल्यामागे, जांभळीच्या झाडाखाली विटांवर चढवून ठेवलेली ती जीप महिंद्राचीच असणार, याबद्दल कुणालाही शंका नव्हती. समोरच्या जाळीत सात फटी, उंच बॉनेट, उजवीकडे स्टिअरिंग आणि आत कधीकाळी बसवलेलं ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन, तेही जाम झालेलं. पॅरा गवताचे भारे ओढून ओढून तिचं अंग झिजलं होतं. महिंद्राचा कांदिवलीचा कारखाना इथून फार लांब नाही. पश्चिम उपनगरात अशा जिपांचं नवल ते काय!

तबेल्याचे मालक मात्र ऐकायला तयार नव्हते. ‘‘आजोबांनी मिलिटरीच्या डिस्पोजलमधून घेतली होती. घरात आम्ही तिला ‘अमेरिकन’च म्हणतो,’’ असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. माझ्याबरोबर आलेले मिस्त्री जुन्या जिपांमध्येच हयात घालवलेले. ते म्हणाले, ‘‘काका, डिस्पोजलची म्हणून सगळेच सांगतात. मला नऊ फटी दाखवा.’’

मिस्त्रींच्या बोलण्याला आधार होता. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी केली. मुदत इतकी कमी होती की बँटम या छोट्या कंपनीनेच ती पाळली. ४९ दिवसांत पहिला नमुना तयार झाला. पण मोठं उत्पादन गेलं विलीज आणि फोर्डकडे. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जिपा बांधल्या. सुरुवातीच्या काही हजार विलीज जिपा सोडल्या, तर युद्धातल्या जिपेची पत्र्याची जाळी नऊ फटींची. सात फटी आल्या त्या युद्धानंतरच्या, नागरी जिपांना. महिंद्राने १९४९ साली माझगावात जिपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे ज्या ‘सीजे-३बी’ जिपेने भारतभर नाव कमावलं, ती याच सात फटींच्या घराण्यातली.

तरीही फटी मोजून जीप ओळखणं धोक्याचं असतं. युद्धातली जीप आणि सीजे-३बी, दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंचच. त्यामुळे एकीची बॉडी दुसरीच्या चासीवर फारशी खळखळ न करता बसते. पत्रा कुजला की बॉडी बदलायची, पेट्रोल परवडेना की डिझेल इंजिन घालायचं, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. वरचं सगळं बदलतं, चासी तेवढी राहते. म्हणून आम्ही जिपेखाली शिरलो.

पहिली खूण डाव्या बाजूला दिसली. चासीच्या लांब पट्टीवर पुढे काही भोकं वेल्डिंगने बुजवलेली होती. समोर, उजव्या पट्टीवर स्टिअरिंग बॉक्स धरणारा तुकडा मागाहून जोडलेला; त्याचं वेल्डिंग ओबडधोबड. कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची निघालेल्या जिपेला असल्या उपद्व्यापाची गरज काय? युद्धातली जीप मात्र डाव्या स्टिअरिंगची. मिस्त्री गप्प झाले.

मग पुढचा आडवा दांडा पाहिला. विलीजच्या युद्धकालीन जिपेत तो गोल नळीचा असतो, फोर्डच्या जिपेत उलट्या ‘यू’ आकाराचा. इथे नळी नव्हती. बंपरच्या एका बोल्टवरचा मळ खरवडला, तर बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ उठून आलं. फोर्ड आपल्या बारीकसारीक भागांवर हे अक्षर उमटवत असे. मालकांचे डोळे चमकले. मिस्त्रींनी मात्र मान हलवली, ‘‘बोल्ट चोर बाजारातही मिळतो. नंबर पाहिजे.’’

नंबर असायला हवा डाव्या पट्टीच्या माथ्यावर, पुढच्या बाजूला. तिथे ग्रीस, शेण आणि रंगाचे थर साचून दगड झाला होता. ग्राइंडर तबेल्यातच होता, पण मिस्त्रींनी त्याला हात लावू दिला नाही. केरोसीनमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर तिथे बांधून ठेवलं. सकाळी तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवला, खडू घासला, आणि टॉर्च आडवा धरला. समोरून उजेड टाकला की काही दिसत नाही. आडव्या उजेडात खोलगट रेघेला सावली मिळते. आधी ‘डब्ल्यू’ दिसला. त्याच्या डावीकडे ‘पी’. मग ‘जी’. पुढे आकडे. अक्षरांच्या खोबणीतला गंज आजूबाजूच्या लोखंडावरच्या गंजाइतकाच जुना होता; म्हणजे कुणी नंतर ठोकलेला नंबर नव्हता. जीपीडब्ल्यू: फोर्डने सरकारसाठी, विलीजच्या आराखड्यावर बांधलेली युद्धकालीन जीप.

घरातली गोष्ट खरी निघाली. ‘‘काका, तुमचे आजोबा बरोबर होते,’’ एवढंच मिस्त्री बोलले.

यानंतर खरी परीक्षा सुरू झाली. फोर्डने चासीवर आणि इंजिनावर एकच नंबर ठोकलेला असे. मूळ इंजिन केव्हाच गेलेलं. त्या जातीचं २.२ लिटरचं, सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला असलेलं इंजिन भंगार बाजारात शोधता येतं. ते मिळालं की लगेच कुणीतरी सुचवतं, ‘‘आता चासीचा नंबर इंजिनावरही पाडून घ्या, किंमत वाढेल.’’ हा सल्ला साफ नाकारायचा असतो. दुसऱ्या जिपेच्या इंजिनावर हिचा नंबर ठोकणं ही शुद्ध फसवणूक आहे. बुजवलेल्या भोकांबाबतही माझं मत स्पष्ट आहे: स्टिअरिंग डावीकडे न्यायचं असेल तर न्यावं, पण उजवीकडचा तुकडा कापण्याआधी त्याचे फोटो, मापं, सगळं नोंदवून ठेवावं. गवत ओढण्याची इतकी वर्षंही तिच्याच आयुष्याचा भाग आहेत.

२०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नसावा. म्हणजे जोडकामाची प्रत्येक पायरी पुढे कुणीतरी तपासणार, हे धरूनच काम करायला हवं.

तुमच्या वाडीत, गोठ्यामागे, गॅरेजच्या कोपऱ्यात अशी एखादी जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आणि सँडब्लास्टिंगला देण्याआधी केरोसीन, फडकं आणि टॉर्च घेऊन डाव्या पट्टीवरचा नंबर शोधा. त्याचा फोटो काढा, आरसी बुकाबरोबर जपून ठेवा. ग्राइंडर एकदा फिरला की तो नंबर परत येत नाही.