होडीचं इंजिन का तापतं? दाब, उष्णता आणि फेरे

जबलपूरच्या खमरियातून आजचा भाग. विषय आहे होडीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड मोटरचा. लष्करात आम्ही तिला ‘ओबीएम’ म्हणायचो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा घरांत अडकलेली माणसं होड्यांनीच बाहेर काढावी लागली. अशा वेळी भर प्रवाहात इंजिन तापून बंद पडलं, तर होडी पाण्याच्या मर्जीवर जाते.

या मोटरला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात ती चालते, तेच पाणी ओढून ती गार राहते. खालच्या गिअरकेसला पाणी आत घेणारी जाळी असते. तिच्या वर, उभ्या शाफ्टवर रबरी पात्यांचा इंपेलर फिरतो आणि नळीतून पाणी वर चढवतो. वर थर्मोस्टॅट असतो, आणि बऱ्याच मोटरींत जादा दाब सोडणारा व्हॉल्व्हही. यातलंच थोडं पाणी मागच्या छिद्रातून बारीक धारेनं पडताना दिसतं.

धार दिसली की पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण धारेवरून एवढंच कळतं, की पंप पाणी उचलतोय. ते इंजिनात सगळीकडे पोचतंय का, हे धार सांगत नाही. उलट, धार नाही म्हणजे पंप गेलाच असंही नाही. मोटर महिनोन् महिने गोदामात पडून राहिली, तर त्या छिद्रात कुंभारीण माशी मातीचं घर करते. आधी बारीक तार घालून छिद्र मोकळं करा, मग पंपावर संशय घ्या.

खरं निदान दाब, उष्णता आणि फेरे या तिघांना एकत्र वाचून होतं.

मंद गतीला दाब कमी, इंजिन गरम आणि वेग वाढवला की सगळं ठीक : इंपेलर झिजलाय, किंवा दाबाचा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. मंद गतीत पाती पंपाच्या भिंतीला टेकून पाणी रेटतात. झिजली की फट राहते.

मंद गतीला ठीक, वेगात दाब पडतो : जाळीवर जलपर्णी, प्लॅस्टिक किंवा चिखल आहे. पुराच्या पाण्यात हे हमखास होतं.

दाब चांगला किंवा नेहमीपेक्षा जास्त, तरी इंजिन गरम : पुढे कुठेतरी वाट तुंबली आहे. थर्मोस्टॅट बंद अडकला असेल, किंवा आत गाळ साचला असेल. कोकण-गोव्याच्या खाऱ्या पाण्यात मिठाचा थर धरतो.

काटा सारखा थरथरतो : पंप हवा ओढतोय. मोटर फार वर बसवली आहे, किंवा पंपाचं पॅकिंग गेलंय.

तपासणी पाण्याच्या वाटेनंच करा : जाळी, पंप, नळी, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह. जाळी साफ करायला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथून. हात घालण्याआधी इंजिन बंद. इंपेलर बाहेर काढला की पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल, तर नवा इंपेलर घालून काम संपत नाही. तो तुकडा वर वाटेत अडकलेला असतो. तो शोधून काढलाच पाहिजे.

दोन सवयी लावून घ्या. एक, मोटर पाण्याबाहेर कोरडी चालवू नका. पाणी हेच इंपेलरचं वंगण, त्याशिवाय रबर पाहता पाहता जळतं. दोन, खाऱ्या किंवा गढूळ पाण्यातून आल्यावर पिंपातल्या स्वच्छ पाण्यात मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवा.

आणि मोटर ठणठणीत असतानाच मंद व पूर्ण गतीचा दाब वहीत लिहून ठेवा. निरोगी आकडा माहीत असेल, तरच बिघडलेला ओळखता येतो. पावसाळ्याच्या आधी, बरगी असो की कृष्णाकाठ, हे एकदा करून बघाच.

जय हिंद.