पोत्याचीही जन्मकुंडली

डाळीचा डबा भरताना आपण तळातली जुनी डाळ आधी काढून घेतो, नवी खाली घालतो आणि जुनी वर. हे कुणी शिकवत नाही, सासूबाईंचं बघून येतं. कारखान्यातही हेच करावं लागतं; फक्त तिथे पोती हजारोंनी असतात आणि ‘माझ्या लक्षात आहे’ म्हणून भागत नाही.

म्हणून शेंगदाण्याचं पोतं दारात आलं, की त्याला बारकोडची चिठ्ठी लागते. कुणाकडून आलं, कधी, कुठल्या खेपेतलं, सगळं संगणकात जातं. गोदामात ठेवताना, वजन करताना, यंत्रात ओतताना दर वेळी चिठ्ठी स्कॅनरला दाखवायची. भलतंच पोतं उचललं, तर संगणक तिथेच अडवतो. काही ठिकाणी क्रेटला आरएफआयडी टॅग असतो. तो रेडिओ लहरींनी वाचला जातो, समोर धरावा लागत नाही. शेवटी पाकिटावर बॅच नंबर पडला, की कुठलं पोतं कुठल्या पाकिटात गेलं, याची जन्मकुंडली तयार!

एवढा खटाटोप कशाला? २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमध्ये सुदान-१ हा खाण्यात बंदी असलेला रंग सापडला. तो आला होता भारतातून गेलेल्या मिरची पुडीतून. तो सॉस इतक्या ठिकाणी वापरला गेला होता, की ४०० हून अधिक पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. चिमूटभर मिरची कुठवर पोचते बघा!

आमच्या बचत गटाकडे ना स्कॅनर, ना संगणक. पण गटातल्या एक वहिनी भारी शिस्तीच्या. दाण्याची प्रत्येक खरेदी वहीत आणि तोच नंबर पाकिटावर शिक्क्याने. २०२३ च्या दिवाळीआधी एका दुकानदाराचा निरोप आला, “ताई, चटणी खवट लागते. सगळाच माल घेऊन जा.” सगळा माल म्हणजे सहा जणींची महिन्याची कमाई! वही उघडली. खराब दाणे एकाच खेपेचे, त्यांची पाकिटं ४०. दुसऱ्या दुकानांत गेलेलीसुद्धा शोधून तेवढीच परत आणली. बाकीचा माल खपला आणि दुकानदाराचा विश्वासही टिकला.

मैत्रिणींनो, एक लक्षात घ्या. दुकानातल्या पाकिटावरचा बारकोड ती वस्तू कोणती, हे सांगतो. तो त्या वस्तूच्या सगळ्या पाकिटांवर सारखाच असतो. ८९० ने सुरू होणारा बारकोड भारतात नोंदलेला असतो, पण माल इथेच बनला याची ती खूण नव्हे. आपलं पाकीट कुठल्या खेपेतलं, हे सांगतो तो बॅच नंबर. तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

तेव्हा पिशवी फोडली, की नंबराचा तुकडा माल संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करताना ‘खराब निघालं’ एवढंच म्हणू नका, ‘या नंबरचं खराब निघालं’ म्हणा. तुमच्यामुळे आणखी कितीतरी घरांतलं पाकीट वेळेत परत जाईल.