सबसी इंजिनियर व्हायचंय? लाखाची फी भरण्याआधी एवढे समजून घ्या

सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा ते रांजणगाव या पट्ट्यात आपल्या समाजाची शेकडो पोरं कंपन्यांत कामाला आहेत. कुणी फिटर, कुणी मेंटेनन्सला, कुणी हायड्रॉलिक प्रेसवर. यांतल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर एक जाहिरात फिरत असते: "ऑफशोअर रिगवर सबसी इंजिनियर व्हा, कोर्स करा, थेट नोकरी." फी लाखाच्या घरात. वडिलांची बचत नाहीतर आईचे दागिने, दोन्हींपैकी एकाला हात घालावा लागतो. म्हणून हे पद नेमके काय आहे, त्याचे प्रशिक्षण कसे होते आणि आपल्या भागातल्या पोराला तिथे जाता येते का, हे आम्ही सविस्तर मांडत आहोत.

काम नेमके काय असते?

समुद्रात तेलाची विहीर खोदताना जमिनीखालचा दाब अचानक उसळून वर येऊ शकतो. तो रोखण्यासाठी विहिरीच्या तोंडावर झडपांचा एक अजस्र संच बसवतात. त्याला ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजेच बीओपी म्हणतात. खोल समुद्रातला हा संच तीन-चार मजली इमारतीएवढा उंच आणि तीनशे-चारशे टन वजनाचा असू शकतो. १० हजार किंवा १५ हजार पीएसआय दाब सहन करण्यासाठी तो बनवलेला असतो. आपल्या कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते, यावरून अंदाज घ्या.

हा संच समुद्राच्या तळाशी असतो, तर तो चालवणारी बटणे वर रिगवर असतात. मधे हजार-दोन हजार मीटर पाणी. वरून गेलेला आदेश खाली दोन नियंत्रण पेट्यांत पोहोचतो. एकीला निळा पॉड म्हणतात, दुसरीला पिवळा. एक बंद पडला तर दुसरा चालावा, एवढ्यासाठी दोन. रिगपासून तळापर्यंत जो जाडजूड पाइप जातो तो रायझर. लाटांवर रिग वरखाली होत असतानाही रायझरवरचा ताण कायम ठेवणारे टेन्शनर वेगळे.

हे सगळे नीट ठेवणारा माणूस म्हणजे सबसी इंजिनियर. नावावरून वाटते तसा तो पाण्यात उतरत नाही. पाणबुड्याचे काम वेगळे. हा रिगवरच असतो. हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स या तिन्हींचे दुरुस्तीकाम तो करतो आणि प्रत्येक चाचणीची नोंद ठेवतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानक ५३ नुसार बीओपी साधारण दर आठवड्याला चालवून पाहावा लागतो आणि २१ दिवसांच्या आत त्याची दाब-चाचणी घ्यावी लागते. त्या कागदावर सही करणे ही मोठी जबाबदारी आहे.

मुंबई हायवर हे पद सहसा का नसते?

जाहिरातवाले ही गोष्ट सांगत नाहीत. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायचे तेल शोधले. तिथे पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यात जॅकअप रिग चालतात, म्हणजे समुद्राच्या तळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या. त्यांचा बीओपी वर रिगवरच, डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे तिथे सबसी इंजिनियरची गरज पडत नाही.

हे पद असते ते तरंगत्या रिगवर, म्हणजे ड्रिलशिप आणि सेमी-सबमर्सिबलवर. भारतात असे काम प्रामुख्याने पूर्व किनाऱ्यावर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात चालते. तिथे ३,१०० मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यातही विहीर खोदली गेली आहे. बाहेर ब्राझील, पश्चिम आफ्रिका, मेक्सिकोचे आखात इथे हे काम आहे. आखाती देशांतल्या बहुतेक रिग उथळ पाण्यातल्या. म्हणून "दुबईला सबसी इंजिनियर" असे कुणी म्हणाले, तर आधी विचारा: रिग कोणती? जॅकअप की तरंगती? याचे सरळ उत्तर मिळाले नाही तर तिथूनच परत फिरा.

एक बॅटरी, एक वायर

प्रशिक्षणाला एवढे महत्त्व का, हे २० एप्रिल २०१० ला जगाने पाहिले. मेक्सिकोच्या आखातात सुमारे १,५०० मीटर खोल पाण्यात काम करणाऱ्या 'डीपवॉटर होरायझन' रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. विहीर बंद व्हायला ८७ दिवस लागले. बीओपी वर काढून तपासला, तेव्हा एका पॉडमधल्या सोलेनॉइडची वायरिंग चुकीची आणि दुसऱ्या पॉडमधली बॅटरी कमजोर असल्याचे पुढे आले. विहिरीतला पाइप वाकल्यामुळे तो कापणाऱ्या पात्यांनाही विहीर नीट बंद करता आली नाही. अपघाताला इतरही अनेक कारणे होती. पण एका वायरची आणि एका बॅटरीची किंमत काय असू शकते, हे सबसीच्या वर्गात आजही शिकवले जाते.

प्रशिक्षणाचे टप्पे

एका कोर्समधून सबसी इंजिनियर बनत नाही. वाट साधारण अशी आहे.

पहिला टप्पा मूळ शिक्षणाचा. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅट्रॉनिक्सची पदवी वा डिप्लोमा. आयटीआय झालेलेही रिगवर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन किंवा साधा रोस्टअबाउट म्हणून चढतात आणि तिथून पुढे सरकतात. हा रस्ता लांबचा आहे, पण तो बंद नाही.

दुसरा टप्पा समुद्रात जीव वाचवण्याचा. ओपिटो या संस्थेच्या मान्यतेचा बोसियट किंवा उष्ण प्रदेशासाठीचा टी-बोसियट कोर्स काही दिवसांचा असतो. आग विझवणे, प्रथमोपचार, लाइफबोट आणि पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचा सराव त्यात होतो. हे प्रमाणपत्र चार वर्षे चालते. नुसती औपचारिकता म्हणून याच्याकडे बघू नका. २८ जून २०२२ ला मुंबई हायवर 'सागर किरण' रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. नऊपैकी चौघे गेले, पाच वाचले. ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था गोव्यात बेतूलला आहे.

तिसरा टप्पा विहीर नियंत्रणाचा. आयडब्ल्यूसीएफ किंवा आयएडीसीचे वेल कंट्रोल प्रमाणपत्र. यात एक बारकावा आहे. परीक्षा फक्त सरफेस बीओपीची देता येते किंवा सरफेस आणि सबसी दोन्हींची. आपल्याला दुसरी लागते. आयडब्ल्यूसीएफच्या वरच्या पातळ्यांचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी पुन्हा काढावे लागते. ओएनजीसीची ड्रिलिंगची संस्था डेहराडूनला आहे.

चौथा टप्पा यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचा. कॅमेरॉन, एनओव्ही, हायड्रिल यांच्या बीओपीची आणि नियंत्रण प्रणालीची रचना वेगवेगळी असते. त्यांचे कोर्स महाग असतात. बहुतेकदा रिग कंपनी आपल्या माणसाला स्वतःच्या खर्चाने तिथे पाठवते.

पाचवा टप्पा खरा. ट्रेनी किंवा असिस्टंट सबसी इंजिनियर म्हणून वरिष्ठाच्या हाताखाली काही वर्षे काम. बीओपी खोलणे, सील बदलणे, पॉडमधला बिघाड शोधणे, रायझर उतरवणे. प्रत्येक काम करून दाखवले की वरिष्ठ नोंदवहीत सही करतो. ही नोंदवही भरल्याशिवाय कुणी हातात बीओपी देत नाही.

सणसवाडीच्या पोराकडे काय आहे?

बरेच काही आहे. बीओपीचा नियंत्रण द्रव साधारण ३,००० किंवा ५,००० पीएसआय दाबाने चालतो. ३,००० पीएसआय म्हणजे सुमारे २०७ बार. आपल्या एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक प्रेसवर २०० बारचा काटा रोज बघणाऱ्या पोराला हा आकडा नवा नाही. अ‍ॅक्युम्युलेटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, ओ-रिंग, पीएलसी ही मंडळी तर ओळखीचीच. म्हणून आमचे सांगणे आहे की शॉप फ्लोअरवरची दोन-तीन वर्षे वाया गेली असे समजू नका. हायड्रॉलिक सर्किटचा नकाशा वाचायला शिका. इंग्रजीत कामाचा रिपोर्ट लिहायची सवय लावा. आणि कंपनीकडून अनुभवाचा दाखला लेखी घ्या.

पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

ओएनजीसीची भरती त्यांच्या अधिकृत जाहिरातीतूनच होते. त्यात एजंटचे काहीच काम नसते. परदेशी नोकरीसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते आधी पाहा. अशा एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. जहाजावरच्या भरतीसाठी नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारक कंपनीला उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. मग लाख-दोन लाख कशाचे मागतात, हा प्रश्न तोंडावर विचारा. प्रमाणपत्रावरचा नंबर देणाऱ्या संस्थेकडून तपासता येतो, तोही तपासा. कर्ज लागणार असेल तर सावकाराकडे जाण्याआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या कार्यालयात चौकशी करा.

घरच्यांसाठी दोन शब्द

रिगवर बारा तासांची पाळी असते. बऱ्याच ठिकाणी चार आठवडे काम आणि चार आठवडे घर. ईद, लग्न, मयत, काहीही असो, हेलिकॉप्टर आपल्या वेळेवरच येते. जिथे विषारी वायूचा धोका असतो तिथे मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढी काढायला सांगतात. हा नियम जिवाचा आहे, पण ज्याला तो अडचणीचा वाटतो त्याने करारावर सही करण्याआधीच विचारून घ्यावे. मेडिकल तपासणी कडक असते. तेलाचे भाव पडले की रिग उभ्या राहतात आणि माणसे घरी बसतात. म्हणून चांगल्या महिन्यांत हात राखून खर्च करावा लागतो.

आई-वडिलांना आमची विनंती आहे की पोराने हे नाव घेतले तर लगेच नाही म्हणू नका, आणि लगेच दागिनेही काढू नका. आधी बोसियट आणि मेडिकल, मग रिगवर मिळेल ते पहिले काम, आणि सबसीची महागडी पायरी नोकरी लागल्यावर. या क्रमाने गेल्यास मधेच मन बदलले तरी घर कर्जात बुडत नाही आणि हातातले कौशल्य एमआयडीसीतही चालते.