वेळेवर येणारा पूर

बाळांनो, पूर म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला कृष्णा-पंचगंगेनं काय केलं, ते तुमच्या आईबाबांना विचारा. पण पृथ्वीवर एक देश असाही होता, जिथं पूर आला नाही की माणसं धास्तावायची. तो आला की देवाला नैवेद्य दाखवायची, आनंदानं नाचायची. तो देश म्हणजे इजिप्त आणि ती नदी म्हणजे नाईल.

नकाशा उघडा बरं. ही निळी रेघ दिसते ना, तिच्या दोन्ही अंगांना नुसतं वाळवंट आहे. कैरोत वर्षभरात जेमतेम अडीच सेंटीमीटर पाऊस पडतो. आपल्याकडं आषाढातली एखादी जोरदार सर तेवढं पाणी देऊन जाते. दक्षिणेकडच्या अस्वानला तर काही वर्षं थेंबही पडत नाही. धाकटीनं लगेच विचारलं, "आजोबा, पाऊसच नाही, तर पूर कुठून येतो?"

शाबास! हाच प्रश्न सुमारे 2500 वर्षांपूर्वी हेरोडोटस नावाच्या ग्रीक प्रवाशाला पडला होता. इतर नद्या उन्हाळ्यात आटतात आणि ही नेमकी ऐन उन्हाळ्यात का फुगते, हे त्याला उमगेना. त्यानं तीन मतं ऐकली आणि तिन्ही मोडीत काढली. स्वतःचं चौथं मत मांडलं, तेही चुकलं. बिचाऱ्याला इथिओपियाचे डोंगर पाहायला मिळाले नव्हते.

खरी गोष्ट त्या डोंगरांत आहे. सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी तिथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत उंच पठार तयार झालं. आपला सह्याद्रीही असाच घडला, फक्त त्याच्याही आधी, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी. काळा पाषाण तोच, आणि तो झिजून होणारी काळी, सकस मातीही त्याच जातीची. जूनमध्ये त्या पठारावर मोसमी पाऊस कोसळू लागतो. ताना सरोवरातून निघालेली निळी नाईल आणि तिच्या उत्तरेची अटबारा नदी, दोघी गढूळ होऊन डोंगर उतरतात. खार्टूमला निळी नाईल पांढऱ्या नाईलला मिळते. पांढरी नाईल दूरच्या मोठ्या सरोवरांचं पाणी बारमाही आणते. पण पुराचं बहुतेक पाणी आणि जवळजवळ सगळा गाळ या दोन डोंगरी नद्यांचा. अटबारा मिळाल्यानंतर थेट समुद्रापर्यंत एकही बारमाही उपनदी नाही. म्हणजे दुसऱ्याच देशातला पाऊस वाळवंटातून चालत शेतकऱ्याच्या बांधावर पोचायचा.

आणि पोचायचा कधी, ते पाहा. सगळी गंमत इथंच आहे. जूनच्या अखेरीस अस्वानला पाणी चढू लागायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात शेतं पाण्याखाली असायची. शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून दोन्ही तीरांवर मोठमोठे हौद केलेले असत. त्यांत पाणी दीड-दोन महिने कोंडून ठेवायचं. गाळ तळाशी बसायचा, जमीन खोलवर भिजायची, आणि पाणी ओसरताना मातीतला खारही बरोबर घेऊन जायचं. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल्या चिखलात गहू आणि जव पेरायचे, आणि बी मातीत दाबायला वरून शेळ्या-मेंढ्या हाकायच्या. थडग्यांच्या भिंतींवर हे चित्र रंगवलेलं आहे. मेंढ्यांचे पाय चिखलात रुतलेले आणि मागं छडी घेतलेला माणूस! सोलापूर-मंगळवेढ्याकडं शाळू जमिनीतल्या ओलीवरच पिकतो ना, तसंच तिथं पीक यायचं. मार्च-एप्रिलमध्ये कापणी उरकली की जमीन उन्हात तापायची, भेगाळायची, आणि पुन्हा पुराची वाट पाहायची.

इजिप्तच्या लोकांनी वर्षाचे तीनच ऋतू केले होते, पुराचा, पेरणीचा आणि कापणीचा, प्रत्येकी चार महिन्यांचे. तीस दिवसांचे बारा महिने, त्यांवर आणखी पाच दिवस, झाले 365. पूर जवळ आला हे ते आकाशाकडं पाहूनही ओळखत. व्याधाचा तारा दोन महिन्यांहून अधिक काळ दिसेनासा व्हायचा आणि मग एका पहाटे सूर्योदयाच्या आधी पूर्वेला लखलखायचा. त्याच सुमारास नाईल चढू लागायची.

पण पूर येणं पुरेसं नव्हतं, तो बेताचा हवा. कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर गावं बुडायची. म्हणून नदीकाठी दगडी पायऱ्या बांधून भिंतीवर मापं कोरलेली असत. अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर अशा पायऱ्या आजही पाहायला मिळतात. इटलीतल्या पालेर्मो शहरी एक काळी शिळा जपून ठेवली आहे. तिच्यावर राजांच्या वर्षांचे चौकोन आहेत, आणि कित्येक चौकोनांच्या तळाशी त्या वर्षी पूर किती चढला ते हात आणि बोटांच्या मापात कोरलेलं आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर, आपल्या आजीच्या वेळचंच माप. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्याची पातळी दगडात उतरवत होतं! पुराची उंची कळली की पीक किती येणार आणि सारा किती घ्यायचा, हे राजाच्या कारकुनांना आधीच ठरवता यायचं. राज्यकारभाराची मुळं मला या मोजमापात दिसतात. त्यांच्या पिरॅमिडांपेक्षा त्यांची ही चिकाटी मला जास्त थोर वाटते.

आता जरा पूर्वेला सरकू, तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या काठी. तिथंही पूर यायचा, पण तुर्कस्तानातल्या टॉरस पर्वतांवरचा बर्फ वितळून, एप्रिल-मेमध्ये. म्हणजे जव कापणीला तयार उभे आणि अंगावर पूर! पेरणीच्या वेळी मात्र नद्या खाली गेलेल्या. मग तिथल्या, म्हणजे सुमेरच्या लोकांना कालवे खणावे लागले, बांध उंच करावे लागले आणि कालव्यांत साचलेला गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागला. उन्हात पाणी उडून जमिनीवर खार चढायचा. गव्हाला खार सोसत नाही, जवाला थोडा सोसतो, म्हणून त्यांची भिस्त जवावरच जास्त होती. शिवाय शत्रूला आडवा येणारा डोंगर नाही की वाळवंटाचा कोट नाही. प्रत्येक नगराचं वेगळं राज्य. लगाश आणि उम्मा ही दोन शेजारी नगरं शेतजमीन आणि पाणी यांवरून पिढ्यान्‌पिढ्या लढली. त्यातल्या एका विजयाची कोरीव शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

नाईलकाठी मात्र इ. स. पू. 3100 च्या आसपास सबंध खोरं एका राजाखाली आलं. त्यात वाऱ्याचाही हात होता. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून दक्षिणेला. उत्तरेला जायचं तर होडी प्रवाहात सोडा, दक्षिणेला जायचं तर शीड उभारा. धान्य, हुकूम, सैन्य, सगळं एकाच वाटेनं आणि दोन्ही दिशांना जायचं. अस्वानचा ग्रॅनाइट गीझाच्या पिरॅमिडाच्या गाभ्यात पोचला तो याच वाटेनं. अस्वानच्या वरचे खडकाळ खळाळ परक्या नावा अडवायचे. नदीनं हे सगळं दिलं, पण वापरायची अक्कल मात्र माणसांची.

आणि ही माणसं तिथं गोळा झाली तरी कशी? पश्चिमेच्या वाळवंटात, गिल्फ केबीरच्या एका गुहेत पोहणारी माणसं रंगवलेली आहेत. आज तिथं घोटभर पाणी मिळणार नाही. पण काही हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस सहाराच्या आतवर पोचायचा. गवत होतं, तळी होती, गुरं होती. पृथ्वीचा आस डुलतो, कक्षेतली तिची स्थिती बदलते, तसा पावसाचा पट्टा हळूहळू दक्षिणेला सरकला. तळी आटली आणि गुराखी खात्रीच्या पाण्याकडं, म्हणजे नाईलकडं सरकत गेले.

इथिओपियाचा हा मोसमी पाऊस आपल्या पावसाचा नातलगच आहे बरं. पॅसिफिक महासागरात एल निनो बळावला की आपल्याकडं पाऊस कमी होण्याची भीती असते आणि इथिओपियातही. 1876 ते 78 मध्ये दख्खन दुष्काळानं होरपळली, आणि 1877 मध्ये नाईलचा पूरही फार थोडा चढला.

"मग आता पूर येतो का?" थोरल्यानं विचारलं. नाही रे. 1970 मध्ये अस्वानचं मोठं धरण पुरं झालं. आता कालव्यांतून बारा महिने पाणी मिळतं, शेतकरी वर्षात एकाहून जास्त पिकं घेतो, वीज मिळते, दुष्काळाची भीती सरली. पण इथिओपियाची ती काळी माती धरणामागच्या नासर सरोवरात तळाशी बसते. शेताला खत विकत घ्यावं लागतं. गाळ येईनासा झाल्यानं नदीच्या मुखाशी किनारा समुद्र खातो आहे. आणि जो खार पूर दरवर्षी धुऊन न्यायचा, तो आता सुमेरसारखा जमिनीत साचू लागला, म्हणून लाखो एकर शेतांखाली निचऱ्याचे पाइप घालावे लागले.