जुन्या चित्रफितींतील सैनिक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांचे चलच्चित्रण चित्रपटगृहातच पाहावयास मिळे. १९४० साली स्थापन झालेल्या 'फिल्म ॲडव्हायझरी बोर्डा'चे काम काही काळ व्ही. शांताराम यांनी पाहिले होते. पुढे १९४३ मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही सरकारी संस्था निघाली. तिचे अनुबोधपट व वार्तापट दाखविणे चित्रपटगृहांना कायद्यानेच भाग होते. प्रेक्षक तिकीट काढी ते चित्रपटासाठी. युद्ध त्याला पाहावेच लागे!

सैन्यभरती व्हावी आणि लोकमत अनुकूल राहावे, हा या पटांचा हेतू होता. रणभूमीवरील चित्रण बहुतेक मूक असे. निवेदन, संगीत, कधी तोफांचे आवाजही मागाहून जोडले जात. त्यामुळे पडद्यावरचा जवान हसत काय म्हणाला, ते आपल्याला कळत नाही. ऐकू येतो तो निवेदक. काय दाखवायचे, हेही अधिकारीच ठरवीत. पॅसिफिक महासागरातील तारावा बेटावर नोव्हेंबर १९४३ मध्ये लढाई झाली. तिच्या माहितीपटात मृत अमेरिकी सैनिक दाखविण्यासाठी खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची संमती घ्यावी लागली.

तरीही कॅमेरा हेतूपलीकडचे पुष्कळ टिपून ठेवतो. दोरीवर वाळणारे कपडे, चुलीपाशी बसलेले आचारी, चिखलात रुतलेली खेचरे, दमलेले चेहरे. सैनिकाचा दिवस कसा जाई, हे समजण्यास निवेदनापेक्षा अशी दृश्ये अधिक उपयोगी पडतात, असे मला वाटते.

ही दृश्ये टिकणे मात्र सोपे नाही. त्या काळची बरीचशी फिल्म नायट्रेटची असे. ती कालांतराने चिकट होते, तिचा भुगा होतो आणि ती चटकन पेट घेते. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून कित्येक जुने भारतीय चित्रपट नष्ट झाले.

जी रिळे उरली, त्यांच्यासोबत चित्रकाराने लिहिलेले नोंदपत्रक कधीकधी सापडते. त्यात तारीख, ठिकाण आणि पलटण असते. सेनाधिकाऱ्याचे नाव असते. साध्या शिपायाचे बहुधा नसते. साताऱ्याकडच्या किंवा बेळगावकडच्या एखाद्या घरात जुने छायाचित्र जपलेले असेल, तर ते शेजारी ठेवून तो चेहरा अजूनही ओळखता येईल.